त्या रात्रीचं ड्युटी रजिस्टर मागवा



2023 मध्ये नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. नंतर आठवडाभर पेपर वाचत होते. औषधं होती की नव्हती, खरेदी कुठं अडली, तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला ते बरोबर की चूक, पानंच्या पानं भरली होती. इथं जळकोटच्या स्टँडवरही तेच. त्या रात्री नवजात विभागात नर्स किती होत्या, हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

मी सरकारी नोकरीत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 नवजात विभागात. तिथलं काम एकदा सांगू द्या. कमी दिवसांचं बाळ श्वास घेता घेता मध्येच थांबतं. छाती हलत नाही, ओठांभोवती निळसर कड दिसायला लागते. तेव्हा तळपायाला टिचकी मारायची, पाठ चोळायची. बहुतेक वेळा बाळ दचकतं आणि परत श्वास घेतं. नाही घेतला तर हातानं श्वास द्यायची अंबू बॅग. मॉनिटर वाजतो म्हणा, पण भरलेल्या विभागात काही ना काही सारखं वाजतच असतं. कोणतं वाजणं खरं आणि कोणतं नुसतं वायर निघाल्याचं, हे मान वळवण्याआधी कळायला वर्षं जातात. आणि कळलं तरी तिथं पोचायला माणूस मोकळं पाहिजे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, अतिदक्षता विभागात दर पाळीला एका रुग्णामागे एक नर्स. एकास एक. अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डातसुद्धा तिघांमागे एक. मी जिथं होते तिथं (नाव घेत नाही) नाईटला आम्ही दोघी आणि बाळं 38. एका वॉर्मरवर तीन-तीन. एका रात्री ऑक्सिजनचं सिलिंडर आलं म्हणून सही करायला दारापर्यंत गेले. परत आले तर खिडकीकडच्या वॉर्मरवरचं मधलं बाळ निळं पडलेलं. ते वाचलं. दुसऱ्या एका रात्री मी सलाईन लावत होते, पाठ वळलेली होती, आणि ते बाळ वाचलं नाही. त्याच्या आईचा चेहरा मला आजही दिसतो. चौकशीत मला विचारलं, ‘तुमचं लक्ष कुठं होतं?’ 38 बाळांवर दोघींचं लक्ष कुठं असणार होतं, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही.

अशा कामाला आपल्याकडं कौशल्य म्हणतच नाहीत, सेवा म्हणतात. बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या डोक्यावर शीर शोधून पिवळी सुई पहिल्या झटक्यात घालणं ही विद्या आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं, अंगावर जखम होऊ दिली नाही. लोक त्याला माया म्हणतात. माया होतीच, पण वेळच्या वेळी कूस बदलल्याशिवाय, रोज कातडी तपासल्याशिवाय नुसत्या मायेनं काय होतं? केंद्रानं 2016 मध्ये ‘नर्सिंग ऑफिसर’ असं नाव दिलं. वॉर्डात अजून ‘ओ सिस्टर, बेडपॅन’. नाव बदलून काय करायचं, जर त्या ऑफिसरचा अर्धा वेळ इंडेंट भरण्यात, रजिस्टर ओढण्यात आणि ऑनलाईन माहिती चढवण्यात जाणार असेल!

आणखी एक. आमच्या भागात नर्सिंगच्या शाळा गल्लोगल्ली झाल्यात. माझ्या वॉर्डात शेवटच्या वर्षाच्या मुली यायच्या, त्यातल्या कितीजणींनी कॅथेटर हातात धरलेला नसायचा. हुशार पोरी, शेतकऱ्यांच्या लेकी, फी भरायला बापानं बैल विकलेला. त्यांना शिकवायला आम्हाला वेळ नाही, आणि वर हजेरीपटावर त्यांनाच मनुष्यबळ म्हणून मोजायचं. संसदेनं ऑगस्ट 2023 मध्ये 1947 चा कायदा बाजूला सारून परिचर्येचा नवा कायदा केला, त्यात आयोगाची तरतूद आहे. त्या आयोगानं सगळ्यात आधी अशा शाळांत जाऊन एकेका मुलीला साधी सलाईन लावायला सांगावी.

जळकोटहून बाळ अडलं की आम्ही उदगीरला पळतो, तिथून लातूर नाही तर नांदेड. एवढा रस्ता कापून पोचलेल्या बाळाजवळ उभं राहायला माणूस नसेल, तर औषधांचं कपाट भरून काय उपयोग?

मुंबई उच्च न्यायालयानं विष्णुपुरीच्या प्रकरणात स्वतःहून लक्ष घातलं, म्हणून हे लिहितेय. 30 सप्टेंबर 2023 च्या नाईटचं नवजात विभागाचं ड्युटी रजिस्टर मागवावं. एका बाजूला सह्या मोजाव्यात, दुसऱ्या बाजूला बाळं. आणि ते दोन आकडे, संपादकसाहेब, तुम्ही पहिल्या पानावर छापावेत.

– एक निवृत्त परिसेविका, जळकोट, जि. लातूर