वस्ताद हवा, मुली तयार आहेत

सहा मीटरची रिबन सतत फिरती ठेवायची, तिला गाठ पडू द्यायची नाही, आणि सगळा खेळ दीड मिनिटात! रिदमिक जिम्नॅस्टिक्सची कसोटी अशी कठोर असते. ठाण्याच्या पूजा सुर्वे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून खेळल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या हाताखाली घडलेल्या संयुक्ता काळेने २०२२मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं पटकावली. स्वतः मैदान गाजवलेली व्यक्ती शिकवायला उभी राहिली, की पुढची पिढी अशी घडते.

इंदापूर-बारामतीच्या मातीला हे नवं नाही. वस्ताद असतो म्हणून तर तालमीत मल्ल तयार होतात. तीच सोय आता मुलींच्या या खेळासाठी हवी. माजी खेळाडूंना तालुक्यात मानाने बोलवा, योग्य मानधन द्या. आमच्या मुली कुठेच कमी पडणार नाहीत.