मुलीला एवढा कशाला?



आजचा विषय लॅपटॉपचा आहे. हसू नका. साठी ओलांडलेली बाई चौका-चूल सोडून यंत्रांवर का बोलते आहे, असं वाटेल. पण हा विषय आपल्या घराघरातला आहे, आणि मला त्यात आधी माझी स्वतःची चूक कबूल करायची आहे.

आमच्या घरातून दोन नातवंडं वर्षाच्या अंतराने बाहेरगावी शिकायला गेली. नातू थोरल्या मुलाचा, तो पुण्याला बी.कॉम.ला. नात धाकट्याची, ती नांदेडला सिव्हिल इंजिनिअरिंगला. नातवाला ८४ हजारांचा लॅपटॉप घेतला. वेगळं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, वजन अडीच किलो, आणि चार्जर विटेएवढा. नातीला घेतला ६२ हजारांचा. रुपेरी, नाजूक, सव्वा किलोचा, ८ जीबी रॅमचा.

दुकानात ती हळूच म्हणाली होती, "आजी, सीनियर मुली सांगतात, ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला ताकदीचा लॅपटॉप लागतो." दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, मुलींना हाच बरा. पर्समध्ये मावतो." आणि मी, १९७९ साली नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. झालेली, हिशेबात कोणाला न ऐकणारी, काय म्हणाले? "हलकाच घे गं बाळा. एसटीने जायचं-यायचं. मुलीला एवढा कशाला?"

त्या तीन शब्दांशी आज माझं भांडण आहे.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी इमारतींचे नकाशे आले. ऑटोकॅड रडतखडत चालायचं. मग रेव्हिट आलं, म्हणजे इमारतीचं सगळ्या बाजूंनी दिसणारं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. ते किमान १६ जीबी रॅम मागतं. रॅम वाढवून घेऊ म्हटलं, तर या पातळ लॅपटॉपमध्ये ती आतल्या पट्टीवरच कायमची जोडलेली, वाढतच नाही. मग पोर रात्री मैत्रिणीचं काम संपायची वाट बघायची आणि तिच्या मशीनवर बसायची. दीड-दोन वाजायचे. घरी कधी बोलली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत डोळ्यांखाली काळं दिसलं म्हणून मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं.

आणि नातू? टॅली, एक्सेल, प्रोजेक्टचे दहा-बारा पानांचे लेख, आणि क्रिकेट. टॅलीला तो लॅपटॉप म्हणजे मेथीची जुडी आणायला ट्रक पाठवण्यासारखं. ज्याला ताकद नको त्याच्याकडे ताकद, आणि जिला हवी तिच्याकडे दिसायला सुंदर वस्तू. आम्ही हे कोणत्या हिशेबाने केलं? कामाचा हिशेब आम्ही मांडलाच नाही. मुलगा आणि मुलगी एवढंच बघितलं.

हे मी मंदिरात एका मैत्रिणीजवळ बोलले. ती म्हणाली, "अहो, पण साधं ते चांगलंच ना? अपरिग्रह आपला धर्म." मैत्रिणींनो, मला राग आला तो इथे. दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी आपण सगळ्याच माना डोलावतो. पण मग मुलीसाठी वस्तू घेतानाच नेमका आपल्याला अपरिग्रह कसा आठवतो? नातवाच्या ८४ हजारांच्या वेळी तो कुठे गेला होता? धर्माचं नाव घेऊन केलेली काटकसर फक्त एकाच्याच ताटात वाढली जात असेल, तर तो अपरिग्रह नाही, पंक्तिप्रपंच आहे.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाचं मूळ मूर्च्छेत, म्हणजे वस्तूवरच्या ममत्वात सांगितलं आहे. वस्तू किती किलोची आणि किती रुपयांची, यात नाही. आणि आपल्या गृहस्थांच्या व्रताचं नाव परिग्रह-परिमाण आहे. परिमाण म्हणजे माप. माप घ्यायचं तर काम काय आहे ते आधी बघावं लागतं. कामापेक्षा जास्त घेतलं तर माप चुकलं, आणि कामापेक्षा कमी घेतलं तरी मापच चुकलं.

आपल्या मुनिमहाराजांकडे बघा. वस्त्रसुद्धा सोडलेलं, पण उपकरणं तीन ठेवतात. पिंछी संयमाचं, कमंडलू शौचाचं आणि शास्त्र ज्ञानाचं उपकरण. पिंछी मोरपिसांची का? तिच्या गुणांत हलकेपणा सांगितला आहे, मऊपणा सांगितला आहे, कारण तिने जीव बाजूला करायचे, त्यांना इजा होता कामा नये. म्हणजे हलकेपणा तिच्या कामाची गरज आहे. कमंडलूला पाणी धरायचं आहे, म्हणून तो भक्कम. विहारात जड होतो म्हणून कोणी मोरपिसांचा कमंडलू केलेला ऐकला आहे का? एकाच हातांत एक हलकं आणि एक जड, दोन्ही आपापल्या कामाला योग्य. आणि सर्वस्व सोडलेल्यांनाही ज्ञानाचं उपकरण चालतं, तर शिकणाऱ्या मुलीचं उपकरण चैन कसं ठरतं?

घरातही आपण हे पाळतोच. पाणी गाळायला तलम ओढणी घेत नाही, जाड कापड घेतो आणि तेही दुहेरी करून. बासुंदी पातळ बुडाच्या पातेल्यात करत नाही. स्वयंपाकघरात जे शहाणपण आहे ते लॅपटॉपच्या दुकानात शिरताना आपण चपलांबरोबर बाहेर का ठेवतो?

आता थोडं यंत्राचं. मी नातीकडून समजून घेतलं आहे, आणि ते अवघड नाही. हलका लॅपटॉप हलका का असतो? आतला प्रोसेसर कमी वीज खाणारा, साधारण १५ वॉटच्या आसपासचा. त्यामुळे पंखा लहान, बॅटरी जास्त वेळ टिकते. ताकदवान लॅपटॉपचा प्रोसेसर ४५ वॉट किंवा त्याहून जास्त खातो, वर ग्राफिक्स कार्डाची भूक वेगळी. एवढी उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे आणि जाड अंग लागतं, म्हणून तो जड. पातळ लॅपटॉपवर तासन्‌तास अवघड काम लादलं की तो तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्यात आपला विदर्भ. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं, आणि मे महिन्यात उमरखेडला पारा चाळिशीच्या वर जातो.

हलका म्हणजे सरसकट कमजोर, असंही नाही. २०२० साली ॲपलने स्वतःच्या चिपचा, पंखाच नसलेला एअर आणला, तो चांगला वेगवान निघाला. पण रेव्हिट विंडोजवरच चालतं, तेव्हा सिव्हिलच्या मुलीला तो घेऊन काय उपयोग? पुन्हा तेच. आधी काम, मग यंत्र.

वजनाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. हदगाव, वारंगा फाटा, अर्धापूर करत बस नांदेडला पोचेपर्यंत मांडीवर अडीच किलोची बॅग आणि वर चार्जर म्हणजे त्रासच. शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के अशी मर्यादा आहे. ते माप लावलं तर ५० किलोच्या मुलीला पाच किलो. लॅपटॉप, चार्जर, दोन वह्या त्यात बसतात. आणि खरं सांगू? ज्या मुलीने गव्हाचा डबा उचलून गिरणीत न्यावा, पाण्याच्या घागरी भराव्यात असं आपल्याला वाटतं, तिचे खांदे फक्त लॅपटॉपच्या वेळीच कसे नाजूक होतात? जिची पाठ खरंच दुखते किंवा जी रोज घेऊन फिरते, तिने हलका जरूर घ्यावा. पण ते तिने ठरवावं.

पैशाचंही मांडून बघू. दोन लॅपटॉपमधला फरक २२ हजार. चार वर्षांचे ४८ महिने, म्हणजे महिन्याला ४५८ रुपये. आयकराच्या नियमाने संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा. त्या हिशेबाने चार वर्षांनी ८४ हजारांच्या लॅपटॉपची पुस्तकी किंमत उरते १०,८८६ रुपये आणि ६२ हजारांच्याची ८,०३५. फरक राहिला २,८५१ रुपयांचा. यंत्र तर दोन्हीही जाणारच. त्या चार वर्षांत मुलीने काय शिकून घेतलं, तेवढंच खात्यात जमा राहतं. एका लग्नात आहेराच्या साड्यांवर आपण २२ हजार उडवतो आणि त्यातल्या निम्म्या साड्या पुढच्या लग्नात फिरतात.

महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. नांदेडला विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ साली निघालं, माझं शिक्षण संपल्यावर. तेव्हा असतं तरी मला कोणी पाठवलं नसतं. आज दार उघडं आहे, शुल्क माफ आहे, आणि आपण मुलीला आत पाठवताना हातात अर्धं अवजार देतो. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, हे आपण मुलींना कौतुकाने सांगतो. सुंदरीला पाढे दहापर्यंतच पुरेत, असं ते म्हणाले नव्हते.

तेव्हा दुकानात जाण्याआधी मुलीलाच तीन गोष्टी विचारा. कोणती सॉफ्टवेअर चालवायची आणि ती किती रॅम मागतात? रोज उचलून न्यायचा की खोलीतच राहणार? आणि रॅम नंतर वाढवता येते का? उत्तरं कागदावर लिहून न्या. बी.कॉम., बी.ए. करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला साधा, हलका घ्या आणि उरलेले पैसे वाचवा. कामाशिवायची ताकद हा अनर्थदंडच आहे, मग ती मुलाच्या हातात असली तरी.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. नवीन तिसरा घेणं मला पटेना. दिवाळीला दोघं आली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अदलाबदल करा." दोन दिवस घरात अबोला. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "त्याचा महागाचा आहे, तिला कसा द्यायचा?" मी म्हटलं, महागाचा आहे म्हणूनच बघा, त्याच्याकडे निजलेला आहे. शेवटी नातूच तिसऱ्या दिवशी बोलला. "आजी, मी तो कॉलेजात नेतच नाही. जड आहे आणि बॅटरी दोन तासांत संपते. वर्गात मी फोनवरच लिहून घेतो." चेहरा थोडा उतरला होता, त्याचे गेम गेले ना. पण दिला.

सूनबाई अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. त्या हे वाचतील हे मला ठाऊक आहे. सूनबाई, तुमच्या मुलाने त्या दिवशी जे केलं, त्याला मी आकिंचन्य म्हणते. आणि नातीची मी दुकानातल्या त्या तीन शब्दांसाठी क्षमा मागितली आहे. ती म्हणाली, "आजी, आता रात्री अकराला झोपते."

कोणाचं मन दुखलं असेल तर उत्तम क्षमा. मत मात्र बदलणार नाही.