दलदलीतून जाणारी वाट

हिमयुगाच्या अखेरीस आटलेल्या पसेइक सरोवराच्या तळाशी उरलेली दलदल व तिला लागून वाढलेली वनराई म्हणजे न्यू जर्सीतील ग्रेट स्वॅम्प वन्यजीव आश्रयस्थान. १९५९ मध्ये येथे जेट विमानतळाची योजना पुढे आली, तेव्हा स्थानिक नागरिकांनी निधी जमवून जमीन विकत घेतली आणि केंद्र शासनाला दान केली, म्हणूनच ते टिकले. त्याचा पूर्वभाग १९६८ मध्ये ‘रानभूमी’, म्हणजे वाहने व यंत्रे कायद्याने वर्ज्य असलेले क्षेत्र, ठरला. तेथील पायवाटा पावसाने चिखलात बुडतात आणि त्या तशाच राहू देणे सर्वस्वी योग्य आहे. पश्चिमभागात मात्र पाणथळ माती पावलांखाली दबू नये म्हणून खांबांवर फळ्यांची वाट उभारलेली आहे. पदभ्रमण करणाऱ्यांनी ती सोडून खाली उतरू नये.