पाला कडुनिंबाचा, कण चांदीचा

कडुनिंबाचा पाला पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण ओतायचं. रंग पिवळसर, मग तपकिरी होत जातो. झाले चांदीचे नॅनोकण! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मंडळींनी २००४ साली कडुनिंबाची ही कृती प्रसिद्ध केली. पुढे तुळस, कोरफड, हळद... परसात काही शिल्लक राहिलं नसावं :)

कृती सुंदरच आहे. घातक रसायनं कमी लागतात, म्हणून ती 'हरित'. माझा आक्षेप आहे तो या शब्दाच्या पुढच्या प्रवासाला. हरित, म्हणून वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक! अहो, शेवटी पोटात जाणार ती चांदीच ना?

मग 'उंदरांवर तपासलंय' असं सांगतात. काय तपासलं? बरेचदा ओईसीडीची ४२३ क्रमांकाची चाचणी. उंदराला एकदाच मात्रा पाजायची, जास्तीत जास्त किलोमागे २००० मिलिग्रॅम. चौदा दिवस बघायचं. मग मारून आतून तपासायचं. या चाचणीतून 'एका मात्रेने मेला नाही' एवढंच कळतं. रोज घेतलं तर काय, हे तिने विचारलेलंच नसतं.

ते विचारलं कोरियातल्या संशोधकांनी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उंदरांना नव्वद दिवस रोज चांदीचे नॅनोकण पाजले होते (पाल्याचे नव्हेत, साधेच). किलोमागे ३० मिलिग्रॅमला अपाय दिसला नाही. १२५ ला यकृतात बदल दिसले. माद्यांच्या मूत्रपिंडात तर नरांच्या दुप्पट चांदी साठली होती! एका मात्रेच्या चाचणीत हे कुठून दिसणार?

पाल्याच्या कणांचं आणखी एक. सोबत नुसता पाल्याचा अर्क दिलेला एक गट हवा, नुसतं सिल्व्हर नायट्रेट दिलेला दुसरा. नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, कळणार कसं? हे गट न ठेवता उंदीर मारणं मला फुकटची हत्या वाटते. प्राण्यांवर प्रयोगच नकोत असं मी म्हणत नाही. पण जीव घ्यायचाच तर प्रश्न तरी पुरता विचारा.

आणि आमच्या घरच्यांसाठी : ते चांदीचे थेंब रोज घेऊ नका बरं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच दुकानात मिळणारी कोलॉइडल चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिलाय. चांदी अंगात साठली की कातडी निळसर-राखाडी होते, आणि तो रंग सहसा जात नाही.