दोन भिंगांचा स्वस्त कॅमेरा : घ्यावा की न घ्यावा?

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात सध्या एका छोट्या वस्तूची मोठी चर्चा चालू आहे. ती वस्तू म्हणजे मुठीत मावणारा ‘ॲक्शन कॅमेरा’. त्यातही दोन भिंगांचा आणि नामांकित कंपन्यांच्या मानाने बराच स्वस्त मिळणारा जो कॅमेरा आहे, त्याच्याकडे आपल्यापैकी अनेकांचे डोळे लागले आहेत. कोणी शिष्यवृत्तीचे पैसे राखून ठेवले आहेत, तर कोणी हप्त्यांची चौकशी करीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. काही हजारांची वस्तू घ्यायची म्हटले की घरात किती दिवस बोलणी चालतात, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच या वस्तूचे गुणदोष एकदा तराजूत घालून पाहावेत असे वाटले.

मुळात हा कॅमेरा आला कोठून? अमेरिकेतील निक वूडमन या तरुणाला समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याचा छंद होता. लाटेवर असतानाच छायाचित्र घेता यावे या गरजेतून त्याने २००२ साली धंदा उभारला आणि २००४ साली मनगटावर बांधायचा पहिला ‘गोप्रो’ कॅमेरा बाजारात आणला. त्यात साधी ३५ मिलिमीटरची फिल्म होती! म्हणजे हा कॅमेरा जन्मला तो भरदिवसा, लख्ख उन्हात, धावत्या माणसाच्या अंगावर राहण्यासाठी. पुढे त्याला दुसरे भिंग आले. काहींत दोन भिंगे पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. त्यांची दोन चित्रे जोडून चहूबाजूंचे एक चित्र तयार होते. काही स्वस्त कॅमेऱ्यांत मात्र दोन्ही भिंगे समोरच असतात : एक दिवसासाठी, दुसरे रात्रीसाठी. आपल्याकडे चर्चा आहे ती या दुसऱ्या प्रकाराची.

आता गुण पाहू. आपल्या भागात पाहण्यासारखे आणि जपण्यासारखे जे आहे, त्यातले पुष्कळसे रात्रीच घडते. जागरण, गोंधळ, भारूड, तमाशा यांना रंग चढतो तोच मुळी जेवणे उरकल्यावर. वाघ्या-मुरळीचे जागरण पहाटेपर्यंत चालते. गोंधळ्याच्या हातची दिवटी उजेडासाठी नसून देवीसाठी पेटते. दिवसाच्या उन्हासाठी घडलेला कॅमेरा तेथे आंधळा होतो. अशा ठिकाणी रात्रीचे भिंग खरोखर उपयोगी पडू शकते. गणित सोपे आहे. भिंगाचे तोंड जितके मोठे उघडते तितका प्रकाश अधिक आत येतो; एफ/२.८ च्या जागी एफ/१.४ चे भिंग असेल तर चौपट. शिवाय कॅमेरा लहान असल्याने कलावंताच्या अंगावर येत नाही. मोठी यंत्रे पाहून बुजणारी म्हातारी माणसे यापुढे मोकळेपणाने गातील. हा लाभ लहान नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रात्री सेकंदाला तीस चित्रे घ्यायची म्हटली तर एका चित्राला फार तर सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. संबळावरचा हात त्या अवधीतही हलतोच आणि चित्र पुसट होते. कॅमेऱ्यातील हादरे सावरण्याची सोय चौकट स्थिर करते, पण मुळात पुसट झालेले चित्र तिला स्वच्छ करता येत नाही. भिंग फार रुंद असल्याने लांबून घेतलेला चेहरा भाताच्या शितासारखा दिसतो. जाहिरातीतील ‘फोर-के’ हा शब्दही तपासून घ्यावा. खऱ्या फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. काही स्वस्त कॅमेरे कमी ठिपके टिपून उरलेले अंदाजाने भरतात. दुधात पाणी घालून माप पुरे करण्यासारखेच ते! त्यातून बॅटरी बहुधा तास-दोन तासांत मान टाकते. सेकंदाला ६० मेगाबिट या वेगाने चित्रण केले तर तासाला सुमारे २७ जीबी जागा लागते. अख्ख्या रात्रीचे जागरण साठवायचे कोठे, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारीत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र आवाजाची आहे. दोन डोळे दिले, पण कान कच्चे राहिले. पाणी आत जाऊ नये म्हणून घातलेल्या डबीत आवाज घुसमटतो आणि उघड्यावर वारा घोंघावतो. आपल्या लोककलांचा प्राण तर शब्दांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचे मोल ठरले ते ओवीच्या शब्दांमुळे, गाणारीच्या आवाजामुळे आणि तिचे नाव-गाव जपून ठेवल्यामुळे. चित्र कितीही झळाळीचे असले तरी शब्द ऐकू आला नाही तर आपल्या हाती काय उरणार?

कोणी म्हणेल, गरिबाच्या मुलांनी मग कॅमेरा हाती धरूच नये काय? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला. पण त्याआधी वाटाण्याचे रोप कसे वाढते याचा एक लहानसा चित्रपट करून त्यांनी आपले यंत्र आणि आपला हात दोन्ही पारखून घेतले. धाडस करावे, पण परीक्षा करून. ज्याच्या हाती बरा मोबाइल आहे, त्याने हप्त्यावर असा कॅमेरा घेऊन घरावर ओझे टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मोबाइलवरच एक रात्र चित्रण करून पाहावे; काय कमी पडते ते कळेल.

मात्र महाविद्यालयाने असा एक कॅमेरा अवश्य घ्यावा. मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून तो घेतला, त्यासोबत बाहेरून जोडता येणारा माईक, तिकाटणे आणि चित्रण साठवण्याची सोय केली, तर प्रत्येकाने वेगळा खर्च करण्याची गरज उरणार नाही. माईक जोडण्याची सोय नसेल तर तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्यावा. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे नोंद करून तो विद्यार्थ्यांना मिळावा. सोबत दोन नियम असावेत. पहिला, कलावंताची परवानगी घेतल्यावाचून चित्रण करू नये. दुसरा, चित्रणाची एक प्रत त्याच्या घरी पोहोचलीच पाहिजे. रात्रभर घसा फोडायचा त्याने आणि वाहवा मिळवायची आपण, हा न्याय नव्हे.

आमच्या भागातील जुने गोंधळी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले, यात त्यांना दोष देता येत नाही. पण ती कवने लिहून ठेवलेली नाहीत, ती त्या कंठांतच आहेत. या कॅमेऱ्याचा विचार गुरुजनांनी येत्या वर्षीच करावा, एवढीच नम्र विनंती. यंत्र पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होईल. ते कंठ आपल्यासाठी थांबतीलच असे नाही.