बोटॉक्स-फिलरनंतर विमानप्रवास: चार तास, दोन दिवस की दोन आठवडे?

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. गुरुवारी रात्री साडेदहाला मावसबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ती लंडनला शिकते, भावाच्या लग्नासाठी डोंबिवलीला आली होती.

"दादा, आज संध्याकाळी ओठांना फिलर केलंय. उद्या रात्री परतीची फ्लाइट आहे. वर प्रेशरने फुटणार नाही ना?"

खाली तीन स्क्रीनशॉट होते. पहिला एका रीलचा: चार तास थांबा, मग बिनधास्त जा. दुसरा एआय चॅटबॉटचा: 24 ते 48 तास थांबणं योग्य. तिसरा क्लिनिकच्या नंबरवरून आपोआप आलेल्या मेसेजचा: दोन आठवडे प्रवास टाळावा. प्रश्न एकच, उत्तरं तीन, आणि तिन्ही एकदम ठाम.

मी डॉक्टर नाही. मी फोन, अ‍ॅप आणि एआयवर लिहितो. पण ही भानगड तितकीच फोनचीही होती, म्हणून त्या रात्री नीट वाचायला बसलो. वाचल्यावर कळलं की तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे, फक्त ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आणि जो प्रश्न विचारायला हवा होता तो तिने विचारलाच नव्हता. मलाही तो लगेच सुचला नाही.

आधी प्रेशरचं भूत उतरवू

विमान 35-40 हजार फुटांवर उडत असलं तरी आतली हवा तेवढी विरळ नसते. केबिनमधला दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. आपलं कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे विमानात बसलात की तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही थोड्या वरच्या हवेत असता, बस्स.

8 हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. त्यामुळे बंद जागेत अडकलेला वायू जवळपास एक-तृतीयांशाने पसरतो. वेफर्सचं पाकीट विमानात टम्म फुगतं ते यामुळेच. पण पाकीट फुगतं ते आतल्या हवेमुळे. पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली तशी फुगत नाही, कारण द्रव आणि जेल दाबातल्या एवढ्याशा फरकाने पसरत नाहीत.

ओठांत किंवा गालांत भरतात ते फिलर बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं. बोटॉक्स तर पातळ द्रावण. दोन्हीत हवेचा फुगा नसतो. त्यामुळे 'विमानात फिलर फुटतं' ही गोष्ट रीलपुरतीच खरी.

दाबाची भीती जिथे खरी असते असं एक उदाहरण मात्र आहे. डोळ्याच्या पडद्याच्या काही ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरघळेपर्यंत विमानप्रवासाला सक्त मनाई असते, कारण वर गेल्यावर तो पसरून डोळ्यातला दाब वाढवतो. तिथे वायू आहे म्हणून धोका आहे. ओठात वायू नाही.

बोटॉक्स वेगळं, फिलर वेगळं

आपण दोन्हीला सरसकट 'इंजेक्शन घेतलं' म्हणतो आणि गोंधळ इथेच सुरू होतो.

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. नसेकडून स्नायूला जाणारा 'आकुंचन पाव' हा निरोप ते अडवतं. स्नायू सैल पडतो, आठी दिसत नाही. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे जातात आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. अमेरिकेच्या एफडीएने भुवयांमधल्या आठ्यांसाठी याला 2002 मध्ये परवानगी दिली.

फिलर स्नायूला हात लावत नाही. ते त्वचेखाली जाऊन जागा भरतं. परिणाम लगेच दिसतो, सोबत सूज आणि काळे-निळे डागही येतात.

आता ते तीन आकडे बघा.

चार तास: हा आकडा बोटॉक्सचा. औषध भलत्या स्नायूकडे सरकू नये म्हणून पहिले काही तास आडवं होऊ नका, चेहरा चोळू नका असं सांगतात. विमानात घट्ट आय-मास्क लावून समोरच्या ट्रेवर डोकं टेकून झोपायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा.

24 ते 48 तास: हा फिलरचा. सूज याच काळात सगळ्यात जास्त असते, आणि खरी गडबड असेल तर तीही बहुधा याच काळात कळते.

दोन आठवडे: हा 'काम कसं झालं' हे ठरवायचा. सूज उतरलेली असते, बोटॉक्स पूर्ण चढलेलं असतं, काही कमी-जास्त करायचं तर डॉक्टर तेव्हा बघतात. याचा विमानाशी थेट संबंध नाही.

बरेच जण अजून एक आकडा सांगतात, 7 ते 10 दिवस. चेहरा, पापण्या किंवा नाकाच्या कॉस्मेटिक सर्जरीनंतर इतके दिवस उडू नका असं अमेरिकेचं सीडीसी उपचारासाठी परदेशी जाणाऱ्यांना सांगतं. तो सल्ला ऑपरेशनसाठी आहे, सुईसाठी नाही.

चॅटबॉट इथेच घसरतो. तुम्ही 'इंजेक्शननंतर विमानप्रवास' एवढंच टाइप केलं तर तो बोटॉक्स, फिलर आणि सर्जरी या तिन्हींवरचं लिखाण ढवळून मधला एक आकडा देतो. काय टोचलं, कुठे टोचलं, किती वाजता, आता कसं दिसतंय हे सांगितलं तर उत्तर सुधारतं. तरी तो तुमचा ओठ दाबून बघू शकत नाही, आणि फिलरमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

विमानात काय नसतं?

फिलरचा सगळ्यात गंभीर धोका म्हणजे जेल रक्तवाहिनीत शिरणं किंवा बाहेरून तिला दाबणं. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हे क्वचितच होतं, पण झालं तर त्वचा मरू शकते. नाक आणि भुवयांमधल्या भागात टोचलेलं जेल डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचलं तर दृष्टीही जाऊ शकते.

खुणा ओळखता येतात. सुई टोचल्यावर थोडं दुखणारच, पण हे दुखणं त्या मानाने फारच जास्त असतं आणि वाढत जातं. त्वचा पांढरी फटक पडते किंवा तिच्यावर जाळीसारखे जांभळट पट्टे उमटतात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा, तो येत नाही. अंधुक दिसलं किंवा दिसेनासं झालं तर ती मिनिटांची लढाई असते.

यावर उपाय आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल विरघळवतं. पण ते लवकर द्यावं लागतं, आणि कुठे किती द्यायचं हे कळणारा डॉक्टर समोर असावा लागतो. मुंबई-लंडन प्रवास नऊ-दहा तासांचा. विमानातल्या मेडिकल किटमध्ये हे एन्झाइम नसतं. प्रवाशांत एखादा डॉक्टर असला तरी तो फिलरमधला जाणकार असेलच असं नाही.

तेव्हा मला तो न विचारलेला प्रश्न सापडला. विमान फिलरला काही करत नाही. ते तुम्हाला दहा तास उपचारापासून लांब नेऊन ठेवतं. म्हणून 'उडू का?' असं न विचारता असं विचारायचं: पुढचे दोन दिवस काही बिघडलं, तर मी तासाभरात कोणाच्या दारात उभी राहू शकते?

हा प्रश्न विमानापुरता नाही. रात्रीच्या स्लीपर बसने कोकणात जाणाऱ्याला आणि इंजेक्शननंतर लगेच ट्रेकला निघणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

बातम्यांमध्ये आलेलं प्रकरण

बोटॉक्सची गडबड वेगळ्या चालीने येते. 4 जून ते 14 जुलै 2025 या काळात ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेकडे कॉस्मेटिक इंजेक्शननंतर बोट्युलिझम झाल्याच्या 38 केसेसची नोंद झाली. परवाना नसलेलं, बोटॉक्ससारखं उत्पादन वापरल्याचा संशय होता. त्याआधी 2024 मध्ये अमेरिकेत 11 राज्यांतल्या 22 महिलांना बनावट किंवा नीट न हाताळलेल्या इंजेक्शननंतर त्रास झाला. त्यातल्या 11 जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

पापण्या जड होणं, दोन-दोन दिसणं, गिळताना अडकणं, बोलताना जीभ जड पडणं, श्वासाला त्रास होणं, ही त्याची लक्षणं. ती त्याच दिवशी येतील असं नाही. ब्रिटिश यंत्रणेने चार आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे इंजेक्शन ठाण्यात घेतलं आणि लक्षणं दिसली दुबईत किंवा टोरंटोत, असं सहज होऊ शकतं. तिथला डॉक्टर पहिलं विचारणार, कोणतं औषध होतं? आणि आपलं उत्तर असतं, "अहो, बोटॉक्स."

हे उत्तर पुरत नाही. बोटॉक्स हे एका कंपनीचं ब्रँडनेम आहे. बाजारात बाकीचीही आहेत, आणि नकलीही आहेत.

फोनचा खरा उपयोग इथे आहे

टोचण्याआधी आणि नंतर आपण दहा सेल्फी काढतो. त्यात चार फोटो अजून घाला:

1. औषधाच्या बाटलीचा किंवा सिरिंजच्या खोक्याचा, ब्रँड, बॅच नंबर आणि एक्स्पायरी दिसेल असा. बाटली दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.
2. डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाचा: काय, कुठे, किती, किती वाजता.
3. इंजेक्शननंतर लगेच चेहऱ्याचा, साध्या उजेडात, फिल्टर आणि ब्युटी मोड बंद करून. काही फोनमध्ये ब्युटी मोड आपोआप चालू असतो आणि तो नेमके डाग आणि फिकटपणाच पुसून टाकतो.
4. तोच फोटो दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, त्याच उजेडात.

हे सगळं ऑफलाइन उघडेल अशा फोल्डरमध्ये ठेवा. आणि क्लिनिकचा असा नंबर घ्या जो रात्री माणूस उचलतो. ऑटो-रिप्लाय हा इमर्जन्सी नंबर नव्हे.

'चेहरा सुजला तर डिजियात्रा ओळखेल का?' हाही प्रश्न येतो. 1 डिसेंबर 2022 ला सुरू झालेली ही सोय देशांतर्गत प्रवासासाठी आहे. गेटवरचा कॅमेरा तुमचा चेहरा तुम्ही आधी अ‍ॅपमध्ये काढलेल्या सेल्फीशी जुळवतो. आठी गेल्याने चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. सूज जास्त असेल आणि गेट उघडलं नाही, तर नेहमीच्या रांगेत ओळखपत्र दाखवून जाता येतं, कारण डिजियात्रा सक्तीची नाही. पण गेट अडेल एवढा चेहरा सुजला असेल, तर आधी डॉक्टरला फोन करा, रांग मग बघू.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'बिनसुईच्या' फिलर पेनचा मोह टाळा. एफडीएने 2021 मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला आहे. घरी टोचून घेतलं तर ऐनवेळी फोन करायला डॉक्टरच नसतो.

त्या शुक्रवारी काय झालं?

मी बहिणीला विचारलं, "दोन्ही बाजू सारख्याच दुखतायत का?" थोडा वेळ गेला. मग उत्तर आलं, "डावीकडे जास्त."

व्हिडिओ कॉल केला. ट्यूबलाइटच्या उजेडात मला काही कळेना. डावी बाजू फिकट वाटत होती, पण ती सूज, कॅमेरा की अजून काही, ते सांगता येईना. क्लिनिकला चार फोन केले. चारही वेळा तोच मेसेज: दोन आठवडे प्रवास टाळावा. शेवटी मावशी तिला घेऊन रात्री साडेबाराला एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेली. तिथल्या डॉक्टरांनी ओठ दाबून बघितला, रंग परत येतोय हे तिलाही दाखवलं आणि सकाळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं.

सकाळी कळलं की फक्त सूज आणि मुका मार लागल्यासारखा डाग आहे. बाकी काही नाही. तरी डॉक्टर म्हणाले, "जमत असेल तर परवा जा." तिने तिकीट रविवारवर नेलं, त्याचे जास्तीचे पैसे भरले, त्यावरून मावशीची बोलणीही खाल्ली.

काही निघालं नाही, ही चांगलीच गोष्ट. पण गुरुवारी रात्री ते आम्हाला माहीत नव्हतं. डोंबिवलीत होती म्हणून रिक्षाने वीस मिनिटांत उत्तर मिळालं. इंजेक्शन शुक्रवारी संध्याकाळी घेऊन तशीच विमानतळावर गेली असती, तर तेच दुखणं तिने ढगांच्या वर, एकटीने, फोन एअरप्लेन मोडवर असताना सोसलं असतं.

थोडक्यात

प्रवास आहे हे टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. फिलर असेल तर मध्ये किमान दोन दिवस ठेवा, लग्न किंवा मोठा प्रवास असेल तर दोन आठवडे आधीच करून घ्या. जेल विरघळवणारं औषध क्लिनिकमध्ये आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. डॉक्टरांनी आधीपासून चालू केलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि जास्त दुखलं, त्वचा फिकट पडली किंवा दिसण्यात फरक पडला, तर सर्च करत बसू नका. फोन खिशात ठेवा आणि रिक्षा पकडा.