उशिरा शिकलेली विद्या

शिकण्याचे वय कोणते, या प्रश्नाला समाजाने दोन उत्तरे तयार ठेवलेली आहेत. अक्षरे, गणित, भाषा या गोष्टी बालपणी शिकाव्यात. एकदा डोक्यावरचे केस पिकू लागले, की मग शिकवावे, शिकू नये. आणि पोहणे, सायकल, मोटारसायकल या गोष्टी जितक्या लवकर येतील तितक्या बऱ्या. त्यांत जो मागे राहिला तो कायमचाच मागे राहिला. ही दोन्ही उत्तरे आम्हीही अनेक वर्षे निमूटपणे खरी मानीत आलो. गेल्या वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आम्ही मोटारसायकल शिकलो. आणि दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, असे आमचे मत झाले. ते मत आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अडतिसाव्या वर्षी ही हौस कोठून आली, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. ती हौस नव्हती. आमच्या वर्गातील एक मुलगी तंबाखूच्या हंगामात शाळेत येईनाशी झाली. तिचे गाव निपाणीपासून फार दूर नाही. परंतु महामार्ग सोडून आत गेलेले. सकाळी एक बस, सायंकाळी एक बस. सकाळच्या बसने जावे तर शाळा बुडते, सायंकाळच्या बसने जावे तर परतण्यास वाहन नाही. 'येत्या रविवारी जाऊ' असे म्हणत आम्ही चार रविवार घालविले. पाचव्या रविवारी गेलो, तेव्हा आई वखारीत कामाला गेलेली, मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ, आणि शाळेचे दप्तर खुंटीला. तिचे वडील नम्रपणे म्हणाले, "सर, महिन्याभरापूर्वी आला असतासा तर बघितलं असतं. आता तिची आई कामाला लागली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक झोंबले. त्या सायंकाळी परतीच्या वाटेवर फाट्यापर्यंत पायी चालताना आम्ही मनाशी ठरविले, की बसची सबब यापुढे पुरे.

निश्चय करणे सोपे. तो घरी सांगणे अवघड. आमच्या मातोश्रींनी कोकणीत जे उद्गार काढले, त्यांचा सारांश इतकाच, की संसारी माणसाने हातपाय शाबूत ठेवावेत. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना मात्र फार आनंद झाला. त्यांच्या तरुणपणी मोटारसायकलीला 'फटफटी' म्हणत. 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेल्या जावा गाडीवर त्यांचा मोठा लोभ. तिला किक मारावयाची दांडी आणि गिअर बदलावयाची दांडी एकच असे, आणि मद्रासेच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे, ही माहिती त्यांनी आम्हांस इतक्या वेळा सांगितली, की आमच्या जुन्या साध्या गाडीवर बसतानाही आमचा पाय क्षणभर गोंधळू लागला.

आमचे शिक्षक म्हणजे आमचाच एक जुना विद्यार्थी. आज त्याचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. शाळेत असताना तो बीजगणितात कच्चा होता. आणि हे त्याला कळावे याची आम्ही पुरेपूर काळजी घेतली होती. "इतके साधे कसे कळत नाही?" हे वाक्य आम्ही त्याला किती वेळा ऐकविले असेल, याची गणती आमच्यापाशी नाही. त्याच्यापाशी असावी.

पहिल्या दिवशी त्याने आम्हांस इंजिन चालू करण्याचीही अनुमती दिली नाही. बंद गाडी मैदानावर हाताने ढकलीत फिरविण्यास सांगितले. मणभराहून कितीतरी जड असलेले ते यंत्र कोणत्या बाजूला किती कलले म्हणजे आपल्याला आवरत नाही, हे आधी शरीराला समजले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी क्लच. क्लच दाबला म्हणजे इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचत नाही. तो हळूहळू सोडला म्हणजे ती हळूहळू पोहोचते. एकदम सोडला म्हणजे एक तर गाडी उडी मारते, नाही तर बंद पडते. हे आम्हांस कागदावर उत्तम कळले होते. हाताला मात्र कळत नव्हते. गाडी अकरा वेळा बंद पडली. मैदानाच्या कडेला क्रिकेट खेळणारी आमचीच मुले खेळ थांबवून पाहत होती. आणि आमचा तो शिष्य अकराव्या वेळीही शांतपणे म्हणत होता, "सावकाश सोडा सर, घाई करू नगासा. येतंय बघा."

त्याने एकदाही 'इतके साधे कसे कळत नाही' असे म्हटले नाही. तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार असलेला जगातील कदाचित तो एकमेव मनुष्य होता.

वाचकहो, ज्याला एखादी गोष्ट येते, त्याला ती न येण्याची अवस्था आठवत नाही. आणि शिक्षकाचे सर्वांत मोठे अज्ञान हेच असते. विमानाचे जनक राइट बंधू सायकलींचा धंदा करीत. त्यांपैकी विल्बर याने अनेक सायकलस्वारांना, डावीकडे वळताना तुम्ही काय करता, असे विचारले. बहुतेक सर्वांचे उत्तर एकच: हँडल डावीकडे वळवितो. वस्तुतः वेगात असलेली दुचाकी डावीकडे न्यावयाची, तर हँडल आधी किंचित उजवीकडे जावे लागते. म्हणजे गाडी डावीकडे कलते व मग वळते. रोज हजारो लोक हे करतात. पण आपण काय करतो हे त्यांना सांगता येत नाही. येणे निराळे आणि समजावून देता येणे निराळे. आम्हांस बीजगणित येत होते. आमच्या त्या विद्यार्थ्याला ते का येत नव्हते, हे आम्ही कधी पाहिलेच नाही. त्याबद्दल या पानावर, त्याचे नाव न घेता, आम्ही त्याची क्षमा मागतो.

उशिरा शिकण्याची खरी अडचण हातापायांत नसते, ती लाजेत असते. मूल पडते, उठते आणि पुन्हा पळते. प्रौढ मनुष्य पडला, की प्रथम आजूबाजूला कोण पाहते आहे ते पाहतो. शिकाऊ परवान्याच्या रांगेत आमच्या पुढेमागे अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण उभे होते. त्यांतील एकाने आम्हांस पाहून अदबीने नमस्कार केला आणि विचारले, "सर, मुलाला घेऊन आलात?" आमचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. तो शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनंतरच पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ते सहा महिने गाडीवर तांबड्या रंगात 'एल' हे अक्षर लावून हिंडावे लागते. आरंभी ते अक्षर आम्हांस शिक्षेसारखे वाटे. पुढे वाटू लागले, की असे एक अक्षर प्रत्येक मनुष्याने जन्मभर अंगावर वागविले, तर जगातील पुष्कळ भांडणे मिटतील.

थोरांनी ही लाज कशी जिंकली, ते पाहावे. टॉलस्टॉय सायकल शिकला तो 1895 साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्याच वर्षी त्याचा सुमारे सात वर्षांचा लाडका मुलगा वारला होता. जगप्रसिद्ध लेखक, पांढरी दाढी, मनात पुत्रशोक. आणि तरीही तो मॉस्कोत सायकलीचे धडे घेत होता. आपल्याकडे विनोबांनी 1942 च्या आंदोलनानंतर वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. तेव्हा त्यांनी सत्तेचाळिशी गाठली होती. आम्हां सीमाभागातील लोकांनी हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवावे. दारातल्या भाषा शिकण्यास येथे तुरुंगात जावे लागत नाही. आणि ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाच्या खेड्यात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढील स्त्रिया गुलाबी लुगडे नेसून, पाठीवर दप्तर घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. ज्या हातांनी आयुष्यभर अंगठा उठविला, त्या हातांनी स्वतःचे नाव लिहिले. त्यांना उशीर झाला असे कोण म्हणेल?

येथवर वाचून आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या मनात आले असेल, की सरांना अडतिसाव्या वर्षी जे आले ते आम्हांला चौदाव्या वर्षीच येते! हे खरे आहे, आणि आमच्या चिंतेचा विषयही तोच आहे. शाळा सुटल्यावर दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या गल्लीत कोणाच्या गाड्या उभ्या असतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पालकांनी कौतुकाने किल्ली हाती दिलेली असते. 'आमचा बाळू नववीत आहे, पण गाडी काय चालवतो!' असे अभिमानाने सांगणारे पालकही आम्हांस भेटले आहेत.

मित्रहो, गाडी पळविणे आणि गाडी चालविणे यांत भेद आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. समोर म्हैस आली हे डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच वर्गाच्या खोलीहून अधिक अंतर कापले गेलेले असते. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित तुमच्याच पुस्तकात आहे. रस्त्यावर ते चुकले तर पुन्हा सोडविण्यास मिळत नाही. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरील होती. आणि 50,029 जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेला इंग्रज योद्धा रणांगणातून वाचला. पण 1935 च्या मे महिन्यात सायकलवरील दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलीवरून फेकला गेला व सहा दिवसांनी वारला. डोक्याला मार लागला होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे शस्त्रवैद्य होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले, त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, आणि 1941 साली शिरस्त्राणाने जीव वाचतात हे आपल्या लेखाने दाखवून दिले. आज पेट्रोलच्या टाकीवर ठेवून मिरविले जाणारे हेल्मेट अशा अभ्यासातून आलेले आहे. ते टाकीचे रक्षण करण्यासाठी नाही.

कायदाही स्पष्ट आहे. गिअरची मोटारसायकल अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज चालविता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु कायद्याच्या धाकाने आम्ही हे सांगत नाही. चौदाव्या वर्षी हात तयार असतात, भय तयार नसते. आम्हांस अडतिसाव्या वर्षी हात तयार करण्यास दोन महिने लागले. भय मात्र आमच्यापाशी आयतेच होते, आणि तेच आम्हांस सांभाळून नेत आहे. तेव्हा चार वर्षे थांबण्यात तुमचे काही बुडत नाही. विद्या पळून जात नाही, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

परीक्षेत आठाचा आकडा काढताना आमचा पाय एकदा जमिनीला टेकला, आणि पुन्हा यावे लागले. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली, तेव्हा मुले पोट धरून हसली. आणि त्यानंतर नापास झालेला एक मुलगा प्रथमच आपणहून शंका विचारण्यास आमच्या टेबलापाशी आला.

आता आम्ही रविवारची वाट पाहत नाही. बाहेरगावचा विद्यार्थी तीन दिवस दिसला नाही, की चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या गावी जातो. तवंदीच्या घाटात ट्रकांच्या मागे गाडी सावकाश ठेवतो. मागचे तरुण हॉर्न वाजवीत पुढे जातात, त्यांना जाऊ देतो. ती मुलगी अद्याप शाळेत परत आलेली नाही. तिच्या घरी आम्ही सहा वेळा जाऊन आलो. मागील खेपेस दप्तर खुंटीवर नव्हते. ती ओट्यावर बसून धाकट्या भावाला अक्षरे दाखवीत होती. तिच्या वडिलांनी जूनपर्यंतचा अवधी मागितला आहे. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.